सिनेमातला अरब आणि ताईचा वर्ग

माझी थोरली बहीण शाळेत शिकवते. एवढंच सांगितलं की लोक "हो का, छान" म्हणतात आणि दुसरा विषय काढतात. म्हणून हल्ली मी जरा वेगळं सांगतो. माझी बहीण पोरांना सिनेमा बघायला शिकवते, असं सांगतो. मग समोरचा थांबतो. "सिनेमा बघायला शिकवावं लागतं होय?" असं विचारतो. मला तेच हवं असतं. मी खुर्ची पुढे ओढतो आणि सुरू होतो.

आमचं दुकान आहे नाटकाचे कपडे भाड्याने देण्याचं. धंद्यात त्याला ड्रेपरी म्हणतात. दुकान बाबांनी काढलं. आता मी आत शिवणयंत्रावर बसतो आणि बाबा पुढे गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. गप्पा झाल्यावर वेळ उरला तर धंदाही करतात. ताई आणि मी त्या दुकानातच वाढलो. ताईने शाळेचा सगळा अभ्यास राजाच्या सिंहासनावर मांडी घालून केला. सिंहासनाचा एक पाय मोडका होता, त्याखाली विटा लावलेल्या होत्या. रस्त्यापलीकडे थिएटर होतं. थिएटरवाल्याला कधी पडदा शिवून हवा असायचा, कधी खुर्चीचं कापड, त्यामुळे आम्हा दोघांना दुपारच्या खेळाला फुकट सोडायचे. ताई तोंड उघडं टाकून सिनेमा बघायची. घरी आली की सगळा सिनेमा आम्हाला करून दाखवायची. नायक ती, नायिका ती, पोलीस ती, घोडाही तीच. माझ्याकडे कायम मरायचं काम. दुकानाच्या फरशीवर मी इतक्या वेळा मेलोय की आईने शेवटी माझ्यासाठी खाली पोतं अंथरायला सुरुवात केली.

पुढे ताई शिक्षिका झाली. नववी-दहावीला इतिहास आणि भूगोल. सिनेमाचं वेड तसंच राहिलं, पण ते घरी. शाळेत लढाया आणि सनावळ्या, नद्या आणि पर्वतरांगा. ही दोन्ही एकत्र येतील असं तिच्या डोक्यातही नव्हतं. ती एकत्र आली ते वर्गात एक मुलगी दाखल झाल्यामुळे.

मुलीची आई इथलीच. वडील अरब, फार वर्षांपूर्वी कामासाठी आले आणि इथेच राहिले. मुलगी दुसऱ्या शाळेतून नववीत आली म्हणून वर्गाने तिला 'नवी' म्हणायला सुरुवात केली, आणि ती जुनी झाली तरी तेच नाव राहिलं. अभ्यासात बरी, खेळात चपळ, बोलण्यात जेवढ्यास तेवढी.

त्याच वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे 'भोंगा' म्हणायचे. तो कुजबुजला तरी शिपायाला ऐकू जायचं. पोरगा वाईट नव्हता. मनात आलं की ते तोंडातून बाहेर पडायचं, मध्ये थांबायला जागाच नव्हती, इतकंच.

एक दिवस भूगोलाचा तास चालू होता. फळ्यावर नकाशा होता, विषय वाळवंटाचा होता. भोंगा मागे वळून म्हणाला, "ए नवे, तुझ्या बाबांना बायका किती गं? आणि उंट कुठे बांधता, गच्चीवर?"

वर्ग हसत सुटला. आणि नवीही हसली. ताईने मला हे संध्याकाळी दुकानात सांगितलं तेव्हा ती त्या हसण्यावरच अडकली होती. "अरे, ती सगळ्यांच्या आधी हसली," ताई म्हणाली. "दप्तरात छत्री ठेवतात ना, तसं तिने ते हसू तयार ठेवलेलं होतं. किती वेळा वापरलं असेल तिने ते?"

ताईने भोंग्याला बाकावर उभं केलं नाही की बाहेर काढलं नाही. तिने सरळ विचारलं, "तुला हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे, बाई? सिनेमात असतं की."

"कुठल्या सिनेमात?"

"सगळ्याच."

"बरं," ताई म्हणाली, "मग सगळेच बघू या."

पोरांना वाटलं लॉटरी लागली. त्यांनी बाकं बडवली. ताई काय बोलून बसली हे तिला स्वतःला वर्गाबाहेर आल्यावर कळलं.

मुख्याध्यापकांनी शुक्रवारचे शेवटचे दोन तास दिले. ताई माहितीपट दाखवणार असा त्यांचा समज झाला, आणि ताईनेही तो दूर करायची घाई केली नाही. शाळेत एक खोली होती, पडद्यांची. पण पडदे एकमेकांना भेटायचे नाहीत, मधून उन्हाची पट्टी आत यायची आणि नेमकी नायकाच्या नाकावर पडायची. मी दुकानातून मोठे चिमटे पाठवले. प्रोजेक्टरचा पंखा असा घरघरायचा की भोंग्यालाही आवाज चढवावा लागायचा.

ताईने घरी बसून तुकडे निवडले. जुने, नवे, आपल्याकडचे, परदेशातले, मारामारीचे, विनोदी. ज्यात ज्यात अरब म्हणून कुणी येतो असे. तिने वर्गाचे गट पाडले. एका गटाने फक्त हात बघायचे, त्या माणसाच्या हातात काय आहे. दुसऱ्याने फक्त कान द्यायचे, तो आला की संगीत काय वाजतं. तिसऱ्याने त्याचं बोलणं ऐकायचं, पूर्ण वाक्य बोलतो की नुसता ओरडतो. चौथ्याने बायका बघायच्या.

पहिला शुक्रवार पार वाया गेला. ताई दुकानात आली ती कपाळाला हात लावूनच. "काय झालं?" मी विचारलं.

"काय होणार? गाडी पुलावरून उडाली, खाली पडली, पेटली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. हात बघणारा गट हात बघायचा विसरला."

"मग तू थांबवायचंस ना."

"मीच विसरले रे!" ताई म्हणाली. "मी पण बघत बसले. काय उडवलीय गाडी!"

आम्ही दोघं पोट धरून हसलो. बाबा पुढून ओरडले, "गिऱ्हाईक आहे इथे!" पण त्या हसण्यातच ताईला वाट सापडली. पुढच्या शुक्रवारी तिने आवाज बंद केला. गाडी आवाजाशिवाय उडाली की अगदीच केविलवाणी दिसते. मग पोरांचं लक्ष बाकीच्या गोष्टींकडे गेलं. तोच तुकडा परत आवाजासकट दाखवला. मग परत चित्राशिवाय, नुसता आवाज.

पोरं कामाला लागली. हातांच्या गटाने सांगितलं, बाई, हातात एक तर नोटांची गड्डी असते नाही तर हत्यार. कधी कधी हुक्क्याची नळी. पेन एकदाही नाही. कानांच्या गटातली एक मुलगी टेबलावर बोटांनी ताल धरून म्हणाली, "माणूस दिसायच्या आधीच बासरी रडायला लागते. मग ढोल. तो बिचारा नुसता दुकानात शिरत असतो हो, पण आपल्याला वाटतं आता हा काहीतरी करणार." एका मुलाला रंग दिसला. गोष्ट त्या देशात गेली की पडद्यावर पिवळं पाणी फिरवल्यासारखं होतं. शहर असो, घर असो, दवाखाना असो, सगळ्याला कावीळ. बायकांच्या गटाने सांगितलं की बायका दोनच प्रकारच्या. नाचणाऱ्या आणि रडणाऱ्या. रडणाऱ्या लांबून दिसतात, त्यांचा चेहरा जवळून दाखवतच नाहीत.

एका मुलाला हे सगळं पटेना. त्याने एक सिनेमा आठवून सांगितला. "यात अरब चांगला आहे, बाई. नायकाचा मित्र असतो. जीव देतो त्याच्यासाठी."

"छान," ताई म्हणाली. "कधी देतो जीव?"

"मध्यंतरानंतर लगेच."

"त्याला घरी कोण कोण असतं?"

मुलगा विचारात पडला. "ते दाखवलं नाही," तो म्हणाला आणि खाली बसला. मग परत उभा राहिला. "आणि तो श्रीमंत शेख असतो ना, विनोदी, सगळ्यांना घड्याळं वाटणारा? तो पण चांगलाच की. पण त्याला पण घर नाही. हॉटेलातच असतो कायम."

आणि मग भोंगा बोलला. तो दोन-तीन शुक्रवार गप्प होता, हे वर्गाच्या दृष्टीने आजारपणच. तो म्हणाला, "बाई, यांच्यातलं कुणीच चष्मा शोधत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या घरी सकाळी बाबा चष्मा शोधतात. मग किल्ली शोधतात. मग आईवर ओरडतात. मग चष्मा डोक्यावरच असतो. सिनेमातले दुसरे लोक असं काहीतरी करतात. खोकतात, पोराला अभ्यासाला बसवतात, दूध उतू जातं. हे लोक असलं काहीच करत नाहीत. नुसते येतात, रागावतात आणि मरतात."

मला हे सांगताना ताईचे डोळे भरून आले होते. "चौदा वर्षांचं पोरगं रे," ती म्हणाली. "हे मला सुचलं नव्हतं."

या सगळ्या दिवसांत नवी मागच्या बाकावर बसून असायची. कुठल्यातरी गटात असायची, काम करायची, पण बोलायची नाही. एका सहशिक्षिकेने ताईला सुचवलं, तिलाच पुढे बोलवा ना, तिच्या देशाबद्दल सांगू दे. ताई तशी कुणावर चिडत नाही. त्या दिवशी चिडली. "तिचा देश हाच आहे," ती म्हणाली. "ती काय प्रदर्शनातली वस्तू आहे? तिला काही विचारायचंच असेल तर गणिताचा गृहपाठ झाला का ते विचारा." आणि तिने वर्गात नवीकडे एकदाही अपेक्षेने बघितलं नाही. पोरांना शिकवण्याइतकंच ते अवघड होतं, असं ती म्हणते.

नवी बोलली ते आपली आपण. एका तुकड्यात बाजार होता. पळापळ चालली होती, टोपल्या उलटत होत्या. मागून आवाज आला, "बाई, जरा मागे घ्याल?"

ताईने मागे घेतलं.

"अजून थोडं. हां. ती दुकानावरची पाटी बघा." नवी उठून पडद्याजवळ गेली. तिच्या अंगावर प्रोजेक्टरमधला बाजार पडला. "हे उलटं लिहिलंय. अरबी उजवीकडून लिहितात, हे डावीकडून आहे. आणि अक्षरं जोडायची असतात, यांनी सुटी सुटी ठेवलीत. हे काहीच नाहीये, बाई. हा शब्दच नाही. आणि तो जो ओरडतोय ना, तो पण काही बोलत नाहीये. नुसतं खल्ल-बल्ल करतोय."

 भोंगा अगदी मनापासून संतापला. "म्हणजे एवढा सेट लावला, पाचपन्नास गाड्या फोडल्या, आणि एक पाटी विचारायला यांना माणूस मिळाला नाही?"

सगळे हसले. नवी पडद्यासमोर उभी होती. ती सगळ्यांच्या नंतर हसली, आणि बराच वेळ हसत राहिली.

यानंतर ताईच्या डोक्यात आलं की पोरांना आपलं दुकान दाखवावं. बाबा खूश झाले. त्यांनी सकाळपासून फडताळं पुसली, मुकुटांना पॉलिश केलं. आमच्याकडे माल खोक्यांत असतो आणि प्रत्येक खोक्यावर जाड अक्षरात लिहिलेलं असतं. राजा. पोलीस. चोर. म्हातारी. वेडा. पोरं आली, त्यांनी टोप घातले, तलवारी उपसल्या, एकाने म्हातारीचं लुगडं नेसून सगळ्यांना आशीर्वाद दिले. बाबा रंगात येऊन एकेक खोकं उघडत होते. आणि मग त्यांनी ते खोकं ओढलं. त्यावर लिहिलं होतं, अरब.

आत पांढरा झगा, डोक्यावरचं फडकं आणि त्यावरची काळी रिंग, काळा चष्मा, चिकटवायची दाढी, वाकडा सुरा आणि कचकड्याच्या मोठ्या अंगठ्या. बाबांनी सगळं एकेक करून टेबलावर मांडलं. "एका माणसाचा पूर्ण संच," ते अभिमानाने म्हणाले. "काही म्हणजे काही कमी नाही."

पोरं टेबलाभोवती गोळा झाली. कुणी हात लावला नाही. भोंग्याने विचारलं, "आजोबा, दुसरा अरब कुठल्या खोक्यात आहे?"

"दुसरा कुठला? एकच आहे."

"म्हणजे डॉक्टर अरब? शिक्षक? नवीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, निळा ड्रेस असतो त्यांचा. तो कुठल्या खोक्यात?"

बाबा म्हणाले, "अरे, निळा ड्रेस कामगाराच्या खोक्यात."

"मग त्यांना कामगाराच्या खोक्यात घातलं तर ते अरब आहेत हे कसं कळणार?"

"कशाला कळायला पाहिजे?" नवी म्हणाली. तिने हे अगदी साध्या आवाजात विचारलं, भांडायला नाही.

बाबांनी झगा घडी करून परत खोक्यात ठेवला.  त्यांनी पोरांना गोळ्या वाटल्या आणि निरोप दिला. संध्याकाळी ताई आली तेव्हा ते फुरंगटून बसले होते. "तुझ्या पोरांनी माझं खोकं नासवलं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं देतोय मी ते. कुणी काही बोललं नाही."

ताई म्हणाली, "बाबा, तुमचं शिवण उत्तम आहे. पोरं शिवणाबद्दल बोलत नव्हती."

"ते कळलं मला," बाबा म्हणाले. "कळलं म्हणूनच चिडलोय."

इकडे शाळेत वेगळंच शिजत होतं. पोरं जे शिकत होती ते घरी नेत होती. भोंग्याचे वडील गॅरेज चालवायचे. ते मुख्याध्यापकांकडे आले. रविवारी घरात सिनेमा बघणं मुश्कील झालंय, ही त्यांची तक्रार. "मी पाय पसरून बसतो, हा मध्येच म्हणतो, बाबा, आता बासरी रडेल. आणि साहेब, रडते! मग म्हणतो, आता पिवळं होईल. होतं! सगळी मजा गेली."

ही तक्रार मुख्याध्यापकांनी हसून घेतली असती. पण दुसरे एक गृहस्थ आले, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांचा सूर वेगळा होता. बाई मुलांना कुणाची तरी बाजू घ्यायला शिकवताहेत, अभ्यास सोडून हे कशासाठी, यामागे कोण आहे, असं त्यांनी विचारलं. आणखी दोघा-तिघांनी री ओढली. मुख्याध्यापक घाबरट नव्हते, पण त्यांना शांतता प्रिय होती. त्यांनी ताईला बोलावलं. "बाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण जरा थांबवू या का?"

ताई म्हणाली, "थांबवू. पण पालकांना एकदा तास दाखवू द्या. मग तुम्ही म्हणाल तसं."

शनिवारी दुपारी पालक आले. मी स्पीकरची पेटी आणि वायरी घेऊन गेलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. मला वाटलं ताई भाषण करणार. तिने फक्त एवढंच सांगितलं, "आज मी शिकवणार नाही. ही शिकवतील." आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिच्या हातातला खडू तिने इतका चोळला होता की बोटं पांढरी झाली होती.

भोंगा पुढे आला. त्या दिवशी त्याच्या आवाजाचा उपयोग झाला. "सगळ्यांनी डोळे मिटा," तो म्हणाला. "आता मी एक शब्द बोलतो. जे दिसेल ते मोठ्याने सांगा. लाजायचं नाही. अरब."

 एक बाई म्हणाल्या, उंट. कुणी म्हणालं, वाळू. तेल. पैसा. बंदूक. शेख. बुरखा. तलवार. एक मुलगी भराभर फळ्यावर लिहीत होती. फळा भरला.

"आता डोळे उघडा," भोंगा म्हणाला. "यातलं सिनेमात न बघता, खरोखर कुणी काय बघितलंय?"

 मागच्या बाजूने एक माणूस बोलला. निळ्या कपड्यांत होता, बाहीला ग्रीस लागलेलं होतं, कामावरून तसाच आलेला दिसत होता. "मी उंट बघितलाय," तो म्हणाला. "एकदाच. प्राणिसंग्रहालयात. हिला दाखवायला नेलं होतं. ही घाबरून रडली, मग आम्ही माकडं बघायला गेलो."

नवीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बाबा!" ती ओरडली, आणि सगळी खोली हसली. विमा कंपनीतले गृहस्थ वळून बघत होते. "अहो," ते म्हणाले, "तुम्ही आमच्या इमारतीच्या लिफ्टला येता ना?"

"येतो की. चौथ्या मजल्यावर अडकते ती. दार हळू लावत जा, साहेब. तुम्हीच जोरात ओढता."

यावर त्या गृहस्थांच्या पत्नीने अशी मान डोलावली की वेगळ्या साक्षीची गरजच उरली नाही.

मग पोरांनी तुकडे दाखवले. आवाजासकट, आवाजाशिवाय. गॅरेजवाले बासरीच्या आधीच बोटाने खूण करून शेजाऱ्याला सांगत होते, आता बघा, आता. नवीने पाटी वाचून दाखवली, म्हणजे ती वाचता येत नाही हे दाखवलं. एका आईने विचारलं, "म्हणजे आता सिनेमे बघायचेच नाहीत का?" ताई तेवढ्यापुरती बोलली. "मी तर बघणार," ती म्हणाली. "मला सिनेमा फार आवडतो. आवडतो म्हणूनच त्याने मला फसवलेलं चालत नाही."

विमा कंपनीतले गृहस्थ जाताना म्हणाले, "ठीक आहे, पण अभ्यास आधी." त्यांचं मत पूर्ण बदललं असं मी म्हणणार नाही. त्यांनी दार मात्र हळू लावलं.

सगळे गेल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. नवीचे वडील ताईपाशी आले. आधी नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, मला मारामारीचे सिनेमे आवडतात. मी नेहमी नायकाच्या बाजूचा. मग तो माझ्यासारख्या माणसाला मारतो, आणि मी टाळी वाजवतो. सवय झाली होती. ही लहान असताना एकदा माझ्याकडे बघत होती. मी टाळी वाजवत असताना. मला तेव्हा कळलं नाही ती काय बघतेय."

ताईने हातातला खडू खाली ठेवला.  "पोरीने आज मोठ्याने बोलून दाखवलं," ते म्हणाले. "घरीसुद्धा ती एवढ्या मोठ्याने बोलत नाही." आणि ते बाहेर पोरीची वाट बघायला गेले.

त्या दिवशी आम्ही दोघं बहीणभाऊ दुकानापर्यंत चालत आलो. मी पेटी खांद्यावर घेतली होती आणि छाती अशी फुगली होती की पट्टा आवळत होता. मला ताईला खूप काही सांगायचं होतं. मी म्हणालो, "आज तू एकही काम केलं नाहीस. सगळं पोरांनी केलं." ती म्हणाली, "हो ना!" आणि इतकी खूश झाली की मला पुढचं काही सांगावं लागलं नाही.

तास थांबला नाही. मुख्याध्यापकांनी तो वेळापत्रकात घातला, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळांच्या शिक्षकांना शिकवायला ताईला पाठवलं. मोठ्या सभागृहात ती व्यासपीठावर उभी होती. बाबा लग्नातला कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी आधी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे का ह्या बाई कोण?" तो नाही म्हणाला. मग बाबांनी त्याला आमचं सगळं खानदान सांगितलं. भाषण ऐकायला त्या बिचाऱ्याला उसंत मिळाली नाही.

दुकानातलं खोकंही बदललं. बाबांनी कुणाला न सांगता सुरा आणि दाढी काढून दुसऱ्या खोक्यांत घातली आणि खोक्यावर लिहिलं, 'पांढरा लांब झगा, मोठं माप'. थोड्या दिवसांनी एका नाटक मंडळाच्या व्यवस्थापकाचा फोन आला, अरबाचा संच हवा म्हणून. मी मशीनवरून ऐकत होतो. बाबा म्हणाले, "अरबाचा संच नाही आमच्याकडे. माणसाचे कपडे आहेत. तुमचा माणूस काम काय करतो ते सांगा, मग देतो." पलीकडून काहीतरी बडबड झाली. बाबा म्हणाले, "मग लेखकाला विचारून परत फोन करा." त्याने परत फोन केला. माणूस औषधांचं दुकान चालवणारा ठरला. आम्ही त्याला साधा शर्ट आणि खिशाला लावायला दोन पेनं पाठवली. ते भाडं अर्धं होतं, पण बाबांनी ही गोष्ट ज्याला त्याला दुप्पट करून सांगितली.

ती पोरं आता मोठी झाली. नवी दातांची डॉक्टर होतेय. सिनेमे बघत नाही, तिला कंटाळा येतो, असं ती ताईच्या तोंडावर सांगते. भोंगा ध्वनिमुद्रण शिकतोय. मध्यंतरी ताईला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, मला एका प्रसंगाला बासरी लावायला सांगितली. मी विचारलं, का? साहेब चिडले. मग विचार करून म्हणाले, नको लावू." हे सांगताना त्याच्या आवाजाने सगळा रस्ता वळून बघायला लागला.

ताईचे शुक्रवारचे तास अजून चालू आहेत. केस पांढरे झालेत, प्रोजेक्टर नवा आलाय, पडदे तसेच. अरबांवरचे तुकडे ती दर वर्षी दाखवते, आणि दर वर्षी पोरं त्यांत काहीतरी नवं शोधतात. पण या वर्षी एक मुलगी तास संपल्यावर मागे थांबली. तिची आई चार घरी धुणीभांडी करते. तिने विचारलं, "बाई, हे असंच आपण सिनेमातल्या कामवाल्या बायकांचं बघायचं का? त्या फक्त कप घेऊन येतात आणि मालकिणीच्या भानगडी ऐकतात. माझी आई गाते. फार छान गाते."

ताई काल दुकानात आली ती हेच सांगत. आल्या आल्या तिने बाबांकडे कागद मागितला, सिंहासनावर मांडी घालून बसली आणि पुढच्या शुक्रवारचे तुकडे ठरवायला लागली. मी चहा घेऊन गेलो तर तिने वर बघितलंसुद्धा नाही.